लंडनहून आलेला मराठी आवाज : वेणूताई चितळे



ज्यांचा आवाज घरोघर पोहोचतो त्यांचे नाव मात्र फार थोड्यांच्या ध्यानात राहते, हा नभोवाणीच्या व्यवसायातील एक चमत्कारिक न्याय आहे. वर्तमानपत्रातील लेखाचे कात्रण जपून ठेवता येते, ग्रंथ कपाटात राहतो. वृत्तनिवेदकाचे वाक्य मात्र उच्चारले गेले की संपले. त्यातून ते वाक्य परक्या सरकारच्या घरून, महायुद्धाच्या धामधुमीत आणि मराठीसारख्या भाषेत उच्चारलेले असेल, तर त्याची आठवण कोण ठेवणार? असे पुष्कळ बोललेल्या आणि तरीही महाराष्ट्राला जवळजवळ अपरिचित राहिलेल्या एका बाईंविषयी आज चार शब्द सांगावयाचे योजिले आहे. त्यांचे नाव वेणू दत्तात्रेय चितळे.

ब्रिटिश नभोवाणी आणि पत्रकार असे शब्द एकत्र उच्चारले की माझ्या वयाच्या श्रोत्यांस मार्क टली यांचीच आठवण व्हावयाची. १९३५ साली कलकत्त्यास जन्मलेल्या या गृहस्थांनी बी.बी.सी.चे प्रतिनिधी म्हणून वीस वर्षांहून अधिक काळ दिल्लीत काढला. आणीबाणीत त्यांना हा देश सोडावा लागला, पुढे ते परत आले, आणि १९९४ साली वरिष्ठांशी न पटल्यामुळे त्यांनी ती नोकरीही सोडली. राणीने त्यांस 'सर' केले, आपल्या सरकारने पद्मभूषण दिले. आमच्या परंड्यासारख्या तालुक्याच्या गावीदेखील, एखादी बातमी खरी की खोटी असा वाद पडला म्हणजे, 'बीबीसीवर सांगितले काय?' एवढाच प्रश्न विचारला जाई. हा मान टलीसाहेबांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कष्टाने मिळविला, यात संशय नाही. परंतु ते इंग्रज असून हिंदुस्थानची हकीकत जगाला सांगत होते. त्यांच्या आधी तीस वर्षे एक मराठी मुलगी उलट दिशेने गेली, आणि लंडनमध्ये बसून जगाची हकीकत महाराष्ट्राला सांगू लागली. तिची वाट अधिक अडचणीची होती, असे माझे मत आहे. ते का, हे पुढे येईलच.

वेणूताईंचा जन्म १९१२ सालच्या डिसेंबरात, कोल्हापूर संस्थानातील शिरोळ येथे झाला. आईबापांचे छत्र लवकर हरपल्यामुळे वडील भावंडांनी त्यांचा सांभाळ केला. पुण्याच्या हुजूरपागेत त्यांचे शिक्षण झाले. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर व वामन आबाजी मोडक यांच्या खटपटीने १८८४ साली निघालेली ही मुलींची शाळा. तिच्या विद्यार्थिनींपैकी किती जणींनी पुढे चाकोरी सोडून निराळ्या वाटा धरल्या याचा इतिहास कोणी तरी सविस्तर लिहावयास हवा. तेथून वेणूताई मुंबईस, चौपाटीवरील विल्सन कॉलेजात गेल्या. या कॉलेजात दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या क्विंटा डू प्रीझ नावाच्या अध्यापिकेशी त्यांचा स्नेह जुळला. बाईंनी या मुलीचे गुण हेरले, आणि १९३४च्या सुमारास त्या दोघी इंग्लंडास गेल्या. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात वेणूताईंनी शिक्षण घेतले. ब्राह्मण घरातील अविवाहित मुलीने त्या काळी समुद्र ओलांडावा, आणि तोही वर शोधण्यासाठी नव्हे तर विद्येसाठी, याचे आज कोणास नवल वाटणार नाही. पण ज्यांनी आपल्या आजीच्या तोंडून त्या काळच्या घरांच्या गोष्टी ऐकल्या आहेत त्यांस त्यातील धैर्याची कल्पना येईल.

आता थोडे नभोवाणीकडे वळू. ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनी १९२२ साली निघाली आणि साम्राज्यातील दूरच्या देशांसाठी तिचे लघुलहरींवरील ध्वनिक्षेपण १९३२च्या डिसेंबरात सुरू झाले. ते इंग्रजीत असे, कारण ते मुख्यतः वसाहतींत राहणाऱ्या इंग्रजांसाठी होते. हिंदी माणसाशी त्याच्या भाषेत बोलावे असे कोणास फारसे वाटले नव्हते. महायुद्धाने ते वाटावयास लावले. बर्लिनची नभोवाणी हिंदुस्थानीतून बोलू लागली, तेव्हा लंडनला जाग आली आणि ११ मे १९४० रोजी बी.बी.सी.ची हिंदुस्थानी सेवा सुरू झाली. तिच्या मुळाशी झुल्फिकार अली बुखारी हे कर्तबगार गृहस्थ होते. हे व यांचे बंधू अहमद शाह, दोघेही लायोनेल फील्डन या विक्षिप्त पण कल्पक इंग्रजाच्या हाताखाली ऑल इंडिया रेडिओत चढत गेले होते. फील्डन यांनी १९३५ साली दिल्लीस येऊन हिंदी नभोवाणीची घडी बसविली आणि तिला ते नाव दिले. दोघे भाऊ एकाच खात्यात वरच्या जागांवर बसलेले पाहून दिल्लीतील थट्टेखोर मंडळी त्या खात्यास 'बुखारी ब्रदर्स कॉर्पोरेशन', म्हणजे खरी बी.बी.सी. म्हणत. झुल्फिकार अली पुढे पाकिस्तान नभोवाणीचे प्रमुख झाले.

या बुखारींच्या शाखेत वेणूताई १९४० साली रुजू झाल्या. तो काळ कसा होता ते पाहा. १९४० सालच्या ७ सप्टेंबरपासून लंडनवर एकामागून एक सत्तावन्न रात्री बाँबवर्षाव झाला. १५ ऑक्टोबरच्या रात्री बी.बी.सी.च्या ब्रॉडकास्टिंग हाऊसवर बाँब पडून सात माणसे दगावली. त्या वेळी बातम्या वाचणारे ब्रूस बेलफ्रेज अंगावर धूळ पडली असतानाही वाचतच राहिले, ही कथा प्रसिद्ध आहे. रात्रपाळीच्या नोकरांना घरी जाणे शक्य नसे, म्हणून इमारतीतील संगीतसभागृहात गाद्या टाकून निजण्याची सोय केली होती, आणि स्त्रिया व पुरुष यांच्यामध्ये घोंगड्यांचा पडदा लावला होता. हुजूरपागेच्या मुलीने ही जगरहाटी कशी पाहिली असेल!

१९४१ सालच्या ऑगस्टात या शाखेत एक उंच, कृश, दाट केसांचा इंग्रज नोकरीस आला. त्याचे खरे नाव एरिक ब्लेअर. पण तो जॉर्ज ऑर्वेल या नावाने लिहीत असे. बिहारातील मोतिहारी येथे १९०३ साली जन्मलेला, ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी राहून साम्राज्यास विटलेला, स्पेनच्या यादवी युद्धात घशातून गोळी गेल्यामुळे आवाज क्षीण झालेला असा हा माणूस. ज्या दोन पुस्तकांनी तो जगप्रसिद्ध झाला ती त्या वेळी लिहिलीही गेली नव्हती. हिंदुस्थानसाठी इंग्रजी व्याख्यानांची योजना करणे, युद्धाच्या आठवड्याचा आढावा लिहिणे, ही त्याची कामे. वेणूताई त्याच्या साहाय्यक झाल्या. 'थ्रू ईस्टर्न आईज' या व्याख्यानमालेत त्या स्वतः बोलत, इतरांची भाषणे जमविण्यास मदत करीत. आणि पुढे मराठीचे काम आले तेव्हा तेही त्यांच्याकडे आले.

बी.बी.सी.चे मराठी ध्वनिक्षेपण १९४२ साली सुरू झाले. त्याची रीत श्रोत्यांस समजली पाहिजे, कारण वेणूताईंच्या जीवनातील पेच तिच्यातच आहे. ऑर्वेल आठवड्याचे वार्तापत्र प्रथम इंग्रजीत लिही. ते दोन वेळा तपासले जाई. एकदा सरकारच्या धोरणास काही बाध येतो काय हे पाहण्यासाठी, आणि एकदा शत्रूस उपयोगी पडेल अशी एखादी गोष्ट त्यात राहिली आहे काय हे पाहण्यासाठी. दोन्ही शिक्के पडल्यावर त्याचे मराठी करावयाचे, आणि ते ध्वनिक्षेपकासमोर वाचावयाचे. वाचणाऱ्याने मंजूर मजकुरापलीकडे पाऊल टाकले, तर कळ दाबून त्याचा आवाज तेथल्या तेथे तोडण्यासाठी एक माणूस नेमलेला असे.

भाषांतर हे काम बाहेरून दिसते तितके सोपे नाही, हे मी तीस-पस्तीस वर्षे मुलांकडून भाषांतरे करवून घेतली असल्यामुळे अनुभवाने सांगतो. त्यातून युद्धाची भाषा! रणगाडा, पाणबुडी, विमानवेधी तोफ हे शब्द आज आपल्या तोंडी सहज येतात. त्या काळी ते वर्तमानपत्रांतून नुकते घडत होते. स्टॅलिनग्राड, टोब्रुक, सिंगापूर ही नावे पुण्यातील वाड्यात, कोल्हापुरातील पेठेत आणि कोकणातील माजघरात कळतील अशा वाक्यांत बसवावयाची, तीही मिनिटांच्या हिशेबात. मराठी गद्याच्या इतिहासात केसरीच्या अग्रलेखांना जागा आहे, तशी या बोलावयाच्या गद्यालाही असावी. पण ते छापले जात नसल्यामुळे इतिहासकारांच्या दृष्टीस पडत नाही. ऑर्वेलच्या इंग्रजी संहितादेखील १९८४ साली बी.बी.सी.च्या दप्तरखान्यात सापडल्या, आणि पुढल्या वर्षी पुस्तकरूपाने निघाल्या. त्याचे नाव एवढे मोठे असून ही गत!

आता पेचाची गोष्ट. ९ ऑगस्ट १९४२च्या पहाटे मुंबईत गांधीजींसह सर्व पुढारी पकडले गेले. त्याच महिन्याच्या अखेरीस मुंबईत उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. पोलिसांना चुकवीत, जागा बदलीत तो १२ नोव्हेंबरपर्यंत चालला. तिकडे बर्लिनहून सुभाषबाबूंचे आझाद हिंद केंद्र बोलत होते, आणि त्यावर मराठीतूनही बातम्या दिल्या जात. म्हणजे एकाच वर्षी, एकाच मराठी भाषेत, लंडन एक सांगत होते आणि बर्लिन दुसरे. मुंबईत बावीस वर्षांची एक मुलगी सरकारविरुद्ध बोलून तुरुंगात जात होती, आणि तिच्याहून सातआठ वर्षांनी मोठी दुसरी एक मुलगी त्याच सरकारच्या ध्वनिक्षेपकापुढे बसली होती. दुसरीस आपण काय म्हणावे?

आमचा परंडा त्या काळी निजामाच्या राज्यात होता. शेजारचे बार्शी इंग्रजी हद्दीत. तेथे जाऊन मराठी वर्तमानपत्र वाचणे हेही धाडसाचे मानले जाई. राज्यकर्त्याची नभोवाणी ही राज्यकर्त्याचीच बाजू मांडते, हे आमच्या वडील पिढीस शिकवावे लागले नाही. १९४८च्या सप्टेंबरात हैदराबादच्या पाडावानंतर निजामाने स्वतः नभोवाणीवर येऊन आपला बदललेला निर्णय प्रजेस ऐकविला, तेव्हा त्याच यंत्रातून, जे काल रझाकारांची भलावण करीत होते, दुसरीच भाषा निघाली. परंड्याच्या किल्ल्यावरील मुलूखमैदान तोफ १६३२ साली विजापूरकरांनी ओढून नेली; तोफ तीच, परंतु गडगडाट दुसऱ्याच्या बाजूने, असे आमच्याकडील म्हातारे विनोदाने म्हणत. तेव्हा सरकारी आवाजाविषयी संशय हा आमच्या मातीतच आहे, आणि वेणूताईंविषयी प्रथम वाचले तेव्हा तो माझ्याही मनात आला.

परंतु त्यांची सगळी हकीकत पाहिली म्हणजे तो टिकत नाही. पहिली गोष्ट अशी की, १९४२ साली हिटलर आणि जपान यांचा पराभव व्हावा असे वाटणे व हिंदुस्थान स्वतंत्र व्हावा असे वाटणे यांत विरोध नव्हता. नेहरूंसारख्या अनेकांच्या मनात दोन्ही इच्छा एकत्र नांदत होत्या. दुसरी अशी की, ऑर्वेल स्वतः साम्राज्याचा कट्टर विरोधक होता आणि त्याने आपल्या शाखेत जी माणसे जमविली, त्यांत मुल्कराज आनंदांसारखे उघड स्वातंत्र्यवादी होते. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे वेणूताई पुढे कृष्ण मेनन यांच्या इंडिया लीगमध्ये काम करू लागल्या. ही लीग म्हणजे लंडनमध्ये हिंदी स्वातंत्र्याचा प्रचार करणारी संस्था. लीगचे चिटणीस मेनन सरकारच्या डोळ्यांत सलत होते. सरकारी नभोवाणीत नोकरी केलेल्या बाईने त्यांच्या बाजूस जाऊन उभे राहणे ही काही साधी गोष्ट नव्हे.

याच काळात त्यांनी आणखी एक काम केले, ते इंग्रज गृहिणींसाठी. अन्नखात्याच्या सूचनेवरून १९४० सालच्या जूनपासून रोज सकाळी सव्वाआठ वाजता 'किचन फ्रंट' हा कार्यक्रम लागे. माणशी आठवड्याला २ औंस चहा, थोडे लोणी, मोजकी साखर, मांस पैशांच्या हिशेबात; या शिध्यात घर कसे चालवावे हे त्यात सांगत. वेणूताईंनी त्यात भारतीय शाकाहारी स्वयंपाकाविषयी भाषणे केली. मांसाची चिठ्ठी परत करणाऱ्या शाकाहारी माणसास तेव्हा चीज अधिक मिळे. ज्या देशात भाजी म्हणजे पाण्यात उकडून पांढरी केलेली वस्तू, तेथे डाळीला फोडणी देता येते ही बातमी टोब्रुकच्या बातमीहून कमी महत्त्वाची नव्हती, असे आमच्या घरातील बायकांचे मत पडेल.

मात्र हसू येथेच थांबते. १९४३ साली, जेव्हा लंडनमध्ये शिध्याची अशी काटेकोर व्यवस्था चालू होती आणि कोणी उपाशी राहू नये म्हणून अन्नखाते रोज सकाळी बोलत होते, तेव्हा त्याच साम्राज्याच्या बंगाल प्रांतात दुष्काळाने माणसे रस्त्यावर मरत होती. मृतांच्या संख्येविषयी मतभेद आहेत. तीस लाख हा आकडा पुष्कळांना मान्य आहे. कलकत्त्याच्या फूटपाथावर भाताची पेज मागणाऱ्यांना कोणत्याही नभोवाणीने पाककृती सांगितल्या नाहीत.

त्या शाखेच्या आयुष्यातील एक छायाचित्र मात्र जगभर छापले गेले आहे. ऑर्वेलने १९४२च्या ऑगस्टात 'व्हॉइस' नावाचे बोलते काव्यमासिक सुरू केले. त्याच्या त्या वर्षअखेरच्या एका अंकाच्या वेळचे ते चित्र. मध्ये कवी टी. एस. एलियट बसले आहेत, शेजारी जमेकाच्या कवयित्री उना मार्सन. मुल्कराज आनंद आहेत, सिलोनचे तमिळ कवी तंबीमुत्तु आहेत, पुढे आकाशवाणीचे महासंचालक झालेले नारायण मेनन आहेत. मागे ऑर्वेल व विल्यम एम्पसन उभे आहेत. आणि या सर्वांबरोबर एक हिंदी तरुणी बसली आहे, ती वेणूताई. ऑर्वेलच्या चरित्रांतून हे चित्र पाहणाऱ्या हजारो इंग्रजी वाचकांस ती कोण, कोणत्या गावची, तिची भाषा कोणती, हे माहीत नसते. आणि ज्या भाषेची ती, त्या भाषेच्या वाचकांस चित्र माहीत नसते.

हे सर्व ऐकत कोण होते? बी.बी.सी.ने लॉरेन्स ब्रँडर नावाचा एक अधिकारी १९४२ साली हिंदुस्थानात तपासासाठी पाठविला. ऐकणारे थोडे, वेळा गैरसोयीच्या, आणि सरकारविषयीचा अविश्वास मोठा, असे त्याच्या ध्यानात आले. ग्रहणयंत्र ही तेव्हा श्रीमंताघरची वस्तू. लघुलहरींवरचा आवाज लाटेसारखा वरखाली होई. ऑर्वेलला ही गोष्ट लागली, आणि आपण आपला वेळ व लोकांचा पैसा फुकट घालवीत आहोत असे कळवून त्याने १९४३च्या नोव्हेंबरात नोकरी सोडली. त्याने तेथे काढलेल्या दोन वर्षांतून, शिक्के मारणाऱ्या कचेऱ्यांतून आणि तोडलेल्या वाक्यांतून पुढे 'नाइन्टीन एटी-फोर' या कादंबरीतील ते भयंकर 'सत्यखाते' उभे राहिले, असे जाणते मानतात. नोकरी दोघांनी एकाच खात्यात केली. एकाच्या हाती त्यातून विसाव्या शतकाची एक मोठी कादंबरी लागली.

वेणूताईंनीही कादंबरी लिहिली, पण ती निराळी. चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या. फाळणीने देशोधडीस लागलेल्या निर्वासितांसाठी त्यांनी विजयालक्ष्मी पंडित यांच्याबरोबर दिल्लीत काम केले. नियतकालिकांतून लेखन केले. १९५० साली मुंबईच्या हिंद किताब्सने त्यांची 'इन ट्रान्झिट' ही इंग्रजी कादंबरी प्रसिद्ध केली, तिला मुल्कराज आनंदांची प्रस्तावना आहे. दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या पुण्यातील एका चित्पावन एकत्र कुटुंबाच्या तीन पिढ्यांची ती कथा. लंडनच्या बाँबगोळ्यांतून परतलेल्या लेखिकेने वाड्यातील ओटी आणि माजघर हाच विषय निवडावा, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. घर लांबून पाहिले म्हणजे त्याचे खांब मोजता येतात. ही कादंबरी इंग्रजीत लिहिली जावी याची मात्र चुटपुट लागते. ज्या लेखणीने युद्धाच्या बातम्या मराठी केल्या, तिने पुण्याच्या घराची कथा इंग्रजीत सांगितली. वाचक कोण मिळेल याचा हिशेब त्यामागे असेल, आणि तो त्या काळी चुकीचा होता असेही म्हणता येत नाही.

त्यानंतर विवाह होऊन त्या लीला खरे झाल्या आणि वेणू चितळे हे नाव लोकांसमोरून जवळजवळ नाहीसे झाले. बी.बी.सी.चे मराठी ध्वनिक्षेपणही १९५८ साली बंद पडले. वेणूताईंची दुसरी कादंबरी 'इन्कॉग्निटो' १९९३ साली, म्हणजे पहिलीनंतर त्रेचाळीस वर्षांनी प्रसिद्ध झाली. त्या नावाचा अर्थ अज्ञातवास. १९९५ साली त्या वारल्या. बी.बी.सी.ने २ ऑक्टोबर २०१७ रोजी मराठीत पुन्हा बातम्या देण्यास आरंभ केला, आणि थोड्याच वर्षांत तेथील तरुण मंडळींनी वेणूताईंची हकीकत शोधून मराठी वाचकांपुढे ठेवली.